इंग्रजीच्या तासाला गणपतराव बेलवलकर

दोन साहित्यकृती, किंवा एक साहित्यकृती आणि एक चित्रपट, शेजारी शेजारी ठेवून त्यांची तुलना करावयास सांगणे ही इंग्रजीच्या वर्गात आता रूढ झालेली रीत आहे. आमच्या पिढीला ती ठाऊक नव्हती. प्रस्तुत लेखकाने इंग्रजी साहित्य घेऊन पदवी मिळविली ती एक नाटक, त्यावरील टिपा आणि ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ एवढ्याच शिदोरीवर. आता काळ बदलला आहे. इंग्लंडमधील सोळा वर्षांच्या मुलांना परीक्षेत दोन कवितांची तुलना करावी लागते. आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट या पदविकेच्या साहित्य विषयात दोन कृतींवरील तौलनिक निबंधाची एक स्वतंत्र प्रश्नपत्रिकाच आहे. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली इंग्रजी ऑनर्ससाठी जो नमुना अभ्यासक्रम दिला, त्यातही ‘साहित्य आणि चित्रपट’ अशी ऐच्छिक प्रश्नपत्रिका होती. शेक्सपिअरचे ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ आणि त्यावरील १९६८ व १९९६ चे दोन चित्रपट, बाप्सी सिधवा यांची ‘आइस-कँडी-मॅन’ ही कादंबरी आणि दीपा मेहता यांचा तिच्यावरील १९९८ चा चित्रपट, अमृता प्रीतम यांची ‘पिंजर’ आणि २००३ चा त्याच नावाचा चित्रपट, अशा जोड्या तीत होत्या.

हा बदल स्वागतार्ह आहे याविषयी शंका नको. वाद आहे तो ही तुलना प्रत्यक्षात कशी केली जाते याविषयी. आणि आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहून घरात मराठी टिकविणाऱ्या कुटुंबांना हा वाद परका नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

माझे स्पष्ट मत असे की, आपल्याकडील बहुतेक इंग्रजीच्या वर्गांत तुलनेच्या नावाखाली दोनच गोष्टी चालतात. पहिली म्हणजे रुजुवात. मूळ कृती एका हाती, तिच्यावरून केलेली कृती दुसऱ्या हाती, आणि कोठे काय गाळले, कोठे काय घुसडले याची नोंद. आमच्या महसूल खात्यात जुन्या दस्तऐवजाची नक्कल मूळ प्रतीशी ताडून पाहिली जाई आणि जुळली की तिच्यावर ‘खरी नक्कल’ असा शिक्का बसे. वर्गातही तेच होते. फरक इतकाच की येथे शिक्का बहुधा ‘खोटी नक्कल’ असा असतो. दुसरी गोष्ट म्हणजे तुलनात्मक तक्ता. मधोमध एक उभी रेघ, डावीकडे साम्ये, उजवीकडे भेद. निविदा उघडल्यानंतर आम्हीही असा तक्ता करीत असू. सर्व निविदाकार एकाच कामाचे दर देत असल्यामुळे तेथे तो उपयोगी पडे. परंतु दोन नाटके ही काही एकाच कामाच्या दोन निविदा नव्हेत. ती एकच काम करीत नसतात, आणि म्हणूनच त्यांना शेजारी बसविण्यात अर्थ असतो.

हे हवेत बोलणे वाटू नये म्हणून एक उदाहरण देतो. माझा नातू आमच्या शहरातील एका इंग्रजी शाळेत शिकतो. बारावीला त्याला ‘किंग लिअर’ हे नाटक होते. त्याची दुसऱ्या कोणत्याही कृतीशी तुलना करून निबंध लिहावयाचा होता. मुलाने शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ निवडले. घरात पुस्तक होते, चित्रपट त्याने पाहिला होता, आणि आजीच्या तोंडून लहानपणापासून त्यातील पात्रांची नावे ऐकली होती. निबंधाचा आराखडा परत आला तो दोन शेऱ्यांनिशी. पहिला शेरा, ही प्रादेशिक भाषेतील कृती आहे. दुसरा, ही लिअरचीच मराठी आवृत्ती आहे; तुलनेसाठी स्वतंत्र कृती घ्यावी. शेवटी मुलाने एक इंग्रजी चित्रपट घेतला आणि त्याला गुणही चांगले मिळाले. त्या शिक्षकांवर व्यक्तिशः राग धरण्याचे मला कारण नाही. त्यांनी लिहिलेले दोन शेरे हे आपल्या सबंध इंग्रजी अध्यापनाचे दोन गृहीत सिद्धान्त आहेत, म्हणून त्यांचा समाचार घेणे अगत्याचे वाटते.

दुसरा शेरा आधी घेऊ. ‘नटसम्राट’ ही लिअरची आवृत्ती, म्हणून ती स्वतंत्र नाही. ठीक. मग लिअर तरी कोणाचा? ब्रिटनच्या या दंतकथेतील राजाची हकीकत बाराव्या शतकात मॉन्मथच्या जेफ्रीने लिहिली. शेक्सपिअरच्या हयातीत ती हॉलिनशेडच्या बखरीत होती. एवढेच नव्हे तर या विषयावर एका अनामिक लेखकाचे नाटकही होते. ते १६०५ साली छापले गेले, आणि २६ डिसेंबर १६०६ रोजी व्हाइटहॉलच्या राजवाड्यात पहिल्या जेम्स राजापुढे शेक्सपिअरचा ‘लिअर’ झाला. त्या जुन्या नाटकात राजा पुन्हा गादीवर बसतो आणि धाकटी मुलगी जिवंत राहते. बखरीतही राजाला राज्य परत मिळते. शेक्सपिअरने काय केले? त्याने कॉर्डेलियाला तुरुंगात फासावर चढविले आणि तिचे प्रेत हातात घेऊन म्हाताऱ्याला रंगमंचावर आणले. ग्लॉस्टर आणि त्याच्या दोन मुलांचे उपकथानक तर त्याने सिडनीच्या ‘आर्केडिया’मधून आणून येथे जोडले. आमच्या शिक्षकांचा नियम लावायचा तर शेक्सपिअरचा लिअर हीच खोटी नक्कल ठरते, कारण तो मुळाशी जुळत नाही.

पुढचा इतिहास याहून बोधप्रद आहे. १६८१ साली नेहम टेट नावाच्या नाटककाराने हा शेवट असह्य मानून नाटक पुन्हा लिहिले. लिअर जगला, कॉर्डेलियाचे एडगरशी लग्न लागले, आणि विदूषक तर साफ हद्दपार झाला. इंग्लंडच्या रंगभूमीवर सुमारे दीडशे वर्षे लिअर म्हणून जे नाटक लोक पाहत होते ते हे. डॉ. जॉन्सनसारख्या पंडितालाही कॉर्डेलियाचा मृत्यू इतका झोंबला होता की संपादनाचे काम अंगावर येईपर्यंत शेवटचे प्रवेश पुन्हा वाचण्याचे त्याला धैर्य झाले नाही. मॅक्रेडी या नटाने शेक्सपिअरचे नाटक विदूषकासह पुन्हा उभे केले ते १८३८ साली. शिवाय शेक्सपिअरची स्वतःची संहिता तरी कोठे एक आहे? १६०८ च्या सुट्या प्रतीतील सुमारे तीनशे ओळी १६२३ च्या संग्रहात नाहीत, आणि संग्रहातील शंभरेक ओळी सुट्या प्रतीत नाहीत. तेव्हा ‘मूळ’ म्हणून ज्याच्याशी रुजुवात घ्यावयाची ते मूळच दुहेरी आहे. हा इतिहास इंग्रजीच्या शिक्षकाला ठाऊक असतो. फक्त तो शेक्सपिअरपुरता लागू करायचा आणि शिरवाडकरांना लागू करायचा नाही, असा त्याचा रिवाज आहे.

मग तुलना करावयाची कशी? माझे म्हणणे एवढेच की, दुसरी कृती पहिलीला कोणता प्रश्न विचारते ते पाहावे. अकिरा कुरोसावा या जपानी दिग्दर्शकाचा १९८५ चा ‘रान’ हा चित्रपट घ्या. त्यात तीन मुलींच्या जागी तीन मुलगे आहेत. रुजुवात घेणारा येथेच थांबून ‘बदल’ या सदराखाली नोंद करील. परंतु कुरोसावाने खरोखर बदलले ते दुसरेच. त्याच्या म्हाताऱ्या सरदाराला त्याने भूतकाळ दिला. ज्यांचे गड जाळले, ज्यांची कुटुंबे मारली, त्यांच्याच लेकी त्याने सुना करून घरात आणल्या आहेत, आणि त्यांपैकी एकजण आतून सूड उगवीत आहे. हे पाहून विद्यार्थी शेक्सपिअरकडे परतला की त्याच्या प्रथमच ध्यानात येते की, ऐंशी उलटलेल्या लिअरने आयुष्यभर राज्य कसे केले याविषयी नाटक जवळजवळ मौन पाळते. जेन स्मायली यांच्या ‘अ थाउजंड एकर्स’ या १९९१ च्या कादंबरीत ही कथा आयोवातील एका शेतकरी कुटुंबात घडते आणि थोरली मुलगी ती सांगते. बापाने मुलींवर केलेल्या अत्याचाराचे गुपित त्या कादंबरीच्या पोटात आहे. तिचा प्रश्न असा की, थोरल्या मुली अशा का झाल्या हे कोणी विचारले होते काय? ती वाचल्यावर गॉनरिल आणि रीगन पूर्वीसारख्या नुसत्या राक्षसिणी राहत नाहीत. ही झाली तुलना. तिच्यात दोन्ही कृती थोड्या थोड्या बदलतात. तक्त्यात दोन्ही जशाच्या तशा राहतात, आणि शेवटी फक्त वही भरते.

न्यू साउथ वेल्स या ऑस्ट्रेलियातील राज्यात काही वर्षे मेरी शेलीची १८१८ ची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी आणि रिडली स्कॉट यांचा १९८२ चा ‘ब्लेड रनर’ हा चित्रपट अशी जोडी बारावीच्या इंग्रजीला होती. तो चित्रपट शेलीच्या कादंबरीवरून घेतलेला नाहीच. त्याचा आधार फिलिप डिक यांची १९६८ ची कादंबरी. त्यामुळे खरी-खोटी नक्कल हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. माणसाने माणूस घडविला तर घडविणाऱ्याचे कर्तव्य कोणते, हा एकच प्रश्न दीडशेहून अधिक वर्षांच्या अंतराने दोन समाज कसा विचारतात, हे मुलांनी शोधावयाचे. अशी जोडी लावण्यासाठी शिक्षकाला दोन्ही काळ ठाऊक असावे लागतात. जोडी लावण्याचे काम खरे तर तुलनेहून अवघड आहे.

आता याच रीतीने ‘नटसम्राट’ लिअरच्या शेजारी ठेवून पाहू. २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत बिर्ला मातोश्री सभागृहात त्याचा पहिला प्रयोग झाला. द गोवा हिंदू असोसिएशन ही निर्माती संस्था, पुरुषोत्तम दारव्हेकर दिग्दर्शक, आणि गणपतराव बेलवलकरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. गोव्यातील आपल्या वाचकांना यातील संस्थेचे नाव निराळे सांगण्याची गरज नाही. १९७४ साली या नाटकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

शिरवाडकर लिअरला पहिला प्रश्न विचारतात तो असा की, याची बायको कोठे आहे? शेक्सपिअरच्या नाटकात राणी मेलेली आहे, आणि तिचा उल्लेख जवळजवळ नाहीच. बेलवलकरांच्या घरी कावेरी आहे. नवरा तिला ‘सरकार’ म्हणतो. रंगमंचावर सम्राट असलेल्या माणसाच्या घरातील सरकार ती आहे. सगळे मुलांच्या हवाली करू नका, असे सावधपणे सांगणारीही तीच. कावेरी असेतोवर बेलवलकरांना घर आहे, मग छप्पर कोणाचेही असो. ती गेली की छप्पर शोधण्याला अर्थ उरत नाही. लिअर वादळात जातो तेव्हा एकटाच असतो, आणि मुळातही तो एकटाच होता. बेलवलकर आपल्या डोळ्यांदेखत एकटे होतात. हा फरक तक्त्यातील ‘पत्नी आहे, पत्नी नाही’ अशा नोंदीत मावणारा नाही.

दुसरा प्रश्न म्हणजे कॉर्डेलिया. शिरवाडकरांनी तिला वगळले असे म्हणण्याची पद्धत आहे. माझ्या मते त्यांनी तिला घराबाहेर पाठविले. रस्त्यावर बुटांना पॉलिश करणारा राजा नावाचा पोरगा बेलवलकरांना जवळ करतो. शेक्सपिअरच्या जगात रक्ताचे नाते विटाळते, पण ते सुधारावयाचे तर रक्ताच्याच नात्याने. धाकटी मुलगी सैन्य घेऊन परत येते. शिरवाडकरांच्या जगात माया रस्त्यावरच्या परक्याकडून मिळते, आणि तिच्यापाशी सैन्य नसते. विसाव्या शतकातील शहरी कुटुंबाविषयी याहून कठोर विधान मराठी नाटकात क्वचितच झाले असेल.

तिसरा प्रश्न दानाचा. येथे मला माझ्या नोकरीचा आधार घेऊ द्या. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. त्याखालील न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्याकडे असते, आणि सेवेच्या उत्तरार्धात अशी प्रकरणे मी ऐकली आहेत. त्या कायद्याच्या कलम २३ नुसार, मूलभूत गरजा भागविण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि घेणाऱ्याने ती अट मोडली, तर ते हस्तांतरण फसवणुकीने झाले असे मानून रद्द ठरविता येते. अशी अट सिद्ध व्हावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मधील एका निकालात म्हटले. २०२५ च्या प्रारंभी मध्य प्रदेशातील एका मातेच्या प्रकरणात मात्र या कायद्याचा अर्थ उदारपणे लावावा असे सांगितले. हे कलम डोळ्यांसमोर ठेवून दोन्ही नाटकांचे पहिले अंक वाचा. लिअर अट घालतो. भर दरबारात तो सांगतो की शंभर स्वार आपल्या दिमतीस राहतील, त्यांचा खर्च मुलींनी करावा आणि आपण आळीपाळीने एकेक महिना त्यांच्याकडे राहू. पुढे मुली शंभराचे पन्नास करतात, पन्नासाचे पंचवीस, आणि शेवटी एक तरी कशाला म्हणून विचारतात. अटीचा भंग इतका स्वच्छ की माझ्यासारख्या अधिकाऱ्याला निकाल लिहिण्यास एक दुपार पुरली असती. बेलवलकर कोणतीच अट घालीत नाहीत. त्यांचे प्रकरण कठीण आहे.

हे गमतीने लिहिलेले नाही. लिअर देतो तो सौदा करून. प्रेमाचे जाहीर निवेदन घेऊन त्याच्या मोबदल्यात प्रांत वाटतो. बेलवलकर देतात ते विश्वासाने, नटाच्या दिलदारीने, आणि थोडेसे टाळ्यांच्या सवयीनेही. म्हणून लिअरची शोकांतिका चुकीच्या परीक्षेची आहे आणि बेलवलकरांची परीक्षाच न घेतल्याची. आपल्यापैकी कितीजण लिअरप्रमाणे अटी घालू शकतील? पोटच्या पोरांना स्टँपपेपरवर अट घालणे हे आपल्याला अपमानास्पद वाटते. न्यायाधिकरणापुढे उभ्या राहिलेल्या वृद्धांना अट होती काय असे विचारले की बहुतेकांच्या माना खाली जात. ‘किंग लिअर’ वाचून मला त्यांची मान खाली का जाते हे कळले नसते, ‘नटसम्राट’मुळे कळले.

आणि बेलवलकरांची मुले गॉनरिल-रीगन नाहीत. ती साधी, नोकरदार, लौकिकाला जपणारी माणसे आहेत. शिवराळ, हट्टी, दिवसभर घरात मोठ्याने बोलणारा म्हातारा त्यांना नकोसा होतो, आणि प्रामाणिक वाचकाला मधूनमधून त्यांचेही पटते. राक्षसाला दोष देणे सोपे असते. येथे दोष ज्याला द्यावयाचा तो आपल्याच दिवाणखान्यात बसलेला असतो.

चित्रपटाचाही विचार याच अंगाने व्हावा. शेक्सपिअरच्या रंगमंचावर पाऊस नव्हता. वादळ शब्दांतून उभे करावे लागे. कोझिंत्सेव या रशियन दिग्दर्शकाने आपल्या कृष्णधवल चित्रपटात पावसाबरोबरच उघड्यावर भटकणारी दरिद्री माणसे दाखविली, आणि लिअर त्या गर्दीत मिसळून गेला. कॅमेऱ्याला वादळ आयते मिळते, म्हणून त्याला शब्दांखेरीज दुसरे काही तरी दाखवावे लागते. महेश मांजरेकर यांच्या २०१६ च्या ‘नटसम्राट’मध्ये रामभाऊ हा बेलवलकरांचा नटमित्र नव्याने आला, ती भूमिका विक्रम गोखले यांनी केली. नाटकात प्रेक्षकांशी होणारे बोलणे चित्रपटात कोणाशी करावयाचे, या अडचणीला तो मित्र हे उत्तर आहे. ते चांगले की वाईट यावर वर्गात खुशाल भांडण व्हावे. पण नुसते ‘मूळ नाटकात हे पात्र नाही’ असे लिहून थांबू नये.

आता पहिला शेरा. प्रादेशिक भाषा. यावर शिक्षक मंडळी सांगतात की वर्ग इंग्रजीचा आहे, चाळीस मुलांपैकी मराठी घरातली चार, बाकीच्यांनी काय करावे? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, त्या बाकीच्यांच्या घरीही लिअर आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या हिंदी घरांतील मुलांना प्रेमचंदांची ‘बूढ़ी काकी’ ठाऊक असते. तिनेही आपली मालमत्ता पुतण्याच्या नावे केली आणि पुढे ती जेवणाला मोताद झाली. ज्यांनी काहीच वाचलेले नाही त्यांनी २००३ चा ‘बागबान’ पाहिलेला असतो. त्यात बाप पुस्तक लिहून श्रीमंत होतो, मानलेला मुलगा कॉर्डेलियाची जागा घेतो, आणि लेकरांना भर सभेत चार शब्द सुनावले जातात. हा तर थेट नेहम टेटचा १६८१ चा शेवट! इंग्लंडच्या प्रेक्षकाला दीडशे वर्षे जो शेवट हवासा वाटला तो आपल्याला अजूनही का हवा आहे, असा प्रश्न एखाद्या शिक्षकाने विचारून पाहावा. मुलांना इंग्रजीत बोलावयास उद्युक्त करण्यासाठी दुसरी युक्ती लागणार नाही. इंग्रजी ही चर्चेची भाषा राहू द्या. चर्चेचा ऐवज मात्र मुलांना घरून आणू द्या. वडोदऱ्याच्या वर्गात तो गुजरातीतून येईल, बेळगावात कन्नडमधून, हैदराबादेत तेलुगू-उर्दूतून. दोन भाषांत वाढलेल्या मुलापाशी तुलनेची सवय उपजतच असते. रोज दहा वेळा तो एका भाषेतील शब्द दुसरीत ताडून पाहत असतो. त्याला नेमक्या तुलनेच्या तासाला एक भाषा दाराबाहेर ठेवावयास सांगणे याला अध्यापन म्हणता येत नाही.

तथापि सगळे खापर इंग्रजीच्या शिक्षकांवर फोडून आपण मोकळे होऊ नये. ‘नटसम्राट’ लिअरहून श्रेष्ठ आहे असे छातीठोकपणे सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांनी लिअर उघडलेला नाही. विंदा करंदीकरांनी १९७४ साली ‘राजा लिअर’ हा अनुवाद मराठीत दिला. म्हणजे चार वर्षांच्या अंतराने एका थोर कवीने त्या नाटकाला उत्तर दिले आणि दुसऱ्याने ते निष्ठेने मराठीत आणले. एवढी सोय असताना तो अनुवाद आपल्या किती घरांत आहे? अभिमान ही काही तुलना नव्हे. वर्गातील एखाद्या मुलाने दोन्ही वाचून ‘नटसम्राट’ भावविवश आहे, त्यात म्हाताऱ्याला फार लवकर माफ केले जाते, असे लिहिले तर त्याला मी पूर्ण गुण देईन. मराठी कृतीला इंग्रजीच्या तासाला जागा मागताना तिची तेथे हजेरी घेतली जाईल हेही मान्य केले पाहिजे. आपल्या पूर्वजांनी ते मान्य केले होते. १८६७ साली महादेवशास्त्री कोल्हटकरांनी ‘ऑथेल्लो’ मराठीत आणला, १८८३ मध्ये आगरकरांनी ‘विकारविलसित’ लिहून हॅम्लेटला मराठी केले, आणि १८९० साली देवलांनी ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ करून रंगभूमीवर चालवून दाखविला. या मंडळींना इंग्रजीचा धाक नव्हता आणि मराठीचा पोकळ गर्वही नव्हता.

तेव्हा आपल्या निरनिराळ्या केंद्रांतील मंडळांना एक सूचना करून हा लेख पुरा करतो. बेलवलकर प्रथम रंगमंचावर आले ती तारीख २३ डिसेंबर, आणि लिअर राजदरबारी खेळला गेला ती २६ डिसेंबर. या चार दिवसांत प्रत्येक केंद्राने ‘नटसम्राट’ आणि विंदांचा ‘राजा लिअर’ यांतील निवडक प्रवेशांचे एकत्र वाचन ठेवावे. शिरवाडकरांच्या दोन-तीन प्रवेशांचा साधा, गद्य इंग्रजी अर्थ आपल्यातील निवृत्त प्राध्यापकांनी तयार करून द्यावा; त्यासाठी प्रकाशकांची रीतसर परवानगी घ्यावी. आणि मुख्य म्हणजे गावातील शाळा-महाविद्यालयांत इंग्रजी शिकविणाऱ्यांना, ते कोणत्याही भाषेचे असोत, आग्रहाने बोलवावे आणि मुलांसमवेत पहिल्या रांगेत बसवावे. वाचनानंतर भाषण नको, आभारप्रदर्शन नको. एकच प्रश्न सभेपुढे ठेवावा: या दोन म्हाताऱ्यांपैकी कोणी अधिक गमावले? उत्तर कोणत्या भाषेत द्यावयाचे ते ज्याचे त्याने ठरवावे.